जुनं डॅक्रॉनचं शीड: नवीन घ्यायचं की शिवून चालवायचं? ठाण्याकडे कोणी शिवून देतं का?

नेरूळ_जेट्टी

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

मी नेरूळला राहतो. आम्ही तिघा मित्रांनी मिळून गेल्या ऑक्टोबरमध्ये एक सेकंडहँड चोवीस फुटी सेलबोट घेतली, ती मुंबई हार्बरमध्ये मूरिंगवर (पाण्यातच कायमची बांधलेली) असते, दर रविवारी पहाटेच्या लोकलने जातो आणि संध्याकाळपर्यंत पाण्यात. बोट चांगली आहे, डोलकाठी, वायरी, सुकाणू सगळं जाणकाराकडून तपासून घेतलं होतं, पण शिडांकडे कोणी नीट बघितलं नाही आणि आता तेच डोक्याला ताप झालंय. मेन (मोठं मुख्य शीड) आणि जिनोआ (पुढचं शीड) दोन्ही पांढऱ्या डॅक्रॉनची, म्हणजे शिडाला वापरतात त्या कडक कापडाची आहेत, किती जुनी ते आधीच्या मालकालाही नक्की माहीत नाही.

त्रास असा की सकाळी हलक्या वाऱ्यात सगळं छान असतं, पण दुपारी वायव्येचा वारा धरला की बोट नुसती कलते, वेग वाढत नाही, वाऱ्याच्या तोंडाकडे तर जातच नाही, आणि सुकाणूचा दांडा एवढा जड होतो की दोन्ही हातांनी छातीशी ओढून धरावा लागतो. आमच्यातला एक जण म्हणतो आपल्याला चालवता येत नाही, दुसरा म्हणतो शीड गेलंय. त्यात दोन रविवारांपूर्वी उरणच्या बाजूने परत येताना मेनच्या मागच्या कडेजवळची एक शिवण वीतभर उसवली. कापड फाटलं नाही, शिवणच उघडली.

नवीन शिडाचं बाहेरून कोटेशन मागवलं, आकडा बघून तिघंही गप्प झालो. मग ठाण्यात कापडाच्या एका मोठ्या दुकानात जाऊन डॅक्रॉन आहे का विचारलं तर त्याने उशीत भरायचा पांढरा कापूस काढून समोर ठेवला. एका मित्राचं म्हणणं की छत्रीचं कापड किंवा चांगली जाड ताडपत्री घ्यायची, जुनं शीड वर पसरून तोच आकार कापायचा आणि रिक्षाचे हूड शिवतात त्यांच्याकडून शिवून घ्यायचं, किती फरक पडणार आहे. आणि एक रेस करणारा ओळखीचा आहे तो त्याचं जुनं पिवळसर पारदर्शक, केवलार नावाच्या न ताणणाऱ्या धाग्याचं शीड स्वस्तात द्यायला तयार आहे, आमच्या मापात बसवता येईल म्हणतो.

तर या तिन्हीपैकी काय करू? आणि मुळात शिडाच्या कापडात असं वेगळं काय असतं हे कोणी नीट समजावून सांगेल का, नेटवर वाचलं ते सगळं डोक्यावरून गेलं.

---

वायव्येचा_वारा

दादा, पहिली गोष्ट, चालवता येत नाही म्हणून मनाला लावून घेऊ नका. तुम्ही जे लिहिलंय, खूप कलणं, वेग नाही, दांडा जड, ही सगळी लक्षणं एकत्र असली की शीड पोटाळलेलं असतं. मी बावीस वर्षं या हार्बरमध्ये चालवतोय, तीन बोटींवर हेच बघितलंय.

शीड म्हणजे वारा अडवणारा पडदा असं सगळ्यांना वाटतं, पण वाऱ्यावर चढताना ते पंखासारखं काम करतं. त्याला ठरावीक पोट असतं आणि ते पोट ठरावीक जागी असतं. मेनमध्ये सगळ्यात खोल जागा डोलकाठीपासून साधारण ४० ते ४५ टक्क्यांवर असावी. कापड ढिलं पडलं की वारा वाढेल तसं पोट आणखी फुगतं आणि मागे सरकतं, मग मागची कड वाऱ्याच्या दिशेला वळते, आणि जो जोर बोटीला पुढे ओढायला हवा तो आडवा लागतो. आडवा लागला की बोट कलते, कलली की नाक वाऱ्याकडे वळायला बघते, आणि ते सरळ ठेवायला तुम्ही दांडा छातीशी ओढत बसता. म्हणजे तेवढा वेळ सुकाणू पाण्यात ब्रेकसारखं चाललंय.

हे मोजता येतं, अंदाजाने बोलायची गरज नाही. दहा-बारा नॉटचा (ताशी वीसेक किलोमीटरचा) वारा असताना बूमच्या, म्हणजे मेनच्या खालच्या आडव्या काठीच्या, मध्याखाली पाठीवर झोपायचं, मोबाईल सरळ वर धरायचा आणि शिडाचा फोटो काढायचा. शिडावर गडद आडवी पट्टी असेल तर ती, नसेल तर आडवी शिवण धरा. फोटोत पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत सरळ रेघ मारा, रेघेपासून पट्टी सगळ्यात लांब कुठे आहे ते बघा, ते अंतर भागिले रेघेची लांबी. १० ते १३ टक्क्यांच्या आत असेल तर शीड ठणठणीत आहे, १६-१७ आलं आणि ते पण निम्म्याच्या मागे, तर म्हातारं झालंय.

आता शिवणीचं. अंगठ्याच्या नखाने टाक्यांवर जरा दाबून घासा, वरपासून खालपर्यंत प्रत्येक शिवणीवर. धागा तुटून भुसा निघाला तर धागा उन्हाने मेलाय. डॅक्रॉन कडक असतं त्यामुळे टाका कापडात रुतत नाही, वर उभा राहतो, ऊन पहिलं त्याला लागतं आणि वायरींना घासतो पण तोच. म्हणून कापडाच्या आधी नेहमी धागा जातो, आणि बरेच लोक त्या वेळी अख्खं शीड टाकून देतात जेव्हा नुसते टाके परत मारून आणखी तीन-चार सीझन निघाले असते. एक परीक्षा कापडाची पण करा, उसवलेल्या ठिकाणी कापडाची मोकळी कड दोन्ही हातांत धरून फाडून बघा. कागदासारखं टर्रकन फाटलं तर मात्र शिवण्यात अर्थ नाही, सुईच्या भोकांवरूनच फाटत जाईल.

केवलारचं शीड घेऊ नका. कितीही स्वस्त देवो. ते रेसच्या लोकांसाठी आहे, जे एका सीझननंतर नवीन घेतात. केवलार ताणत नाही हे खरं, पण उन्हात पटकन कमजोर होतं आणि परत परत घडी पडली की त्याच रेषेवर तुटतं. आपल्याकडे ऑक्टोबर ते मे जे ऊन आहे त्यात ते तुमच्यासाठी एक वर्ष पण टिकेल असं मला वाटत नाही.

---

ताणाबाणा_कळवा

तो दुकानदार चुकला नाही हो. डॅक्रॉन हे कापडाचं नाव नाहीच, ते ड्यूपाँट कंपनीने पॉलिएस्टरच्या धाग्याला दिलेलं नाव, आणि उशीतला तो कापसासारखा पांढरा भराव पण त्याचाच. १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोन केमिस्टनी हा धागा काढला, ते ज्या संस्थेत काम करत होते तिचं नाव कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन, कॅलिको म्हणजे आपल्या कालिकतवरून पडलेलं नाव. ब्रिटनमध्ये तो टेरिलीन झाला, अमेरिकेत डॅक्रॉन, फ्रान्समध्ये टेरगाल, जपानमध्ये टेटोरॉन, आणि आपल्याकडे टेरीन. आमच्या वडिलांच्या पिढीत टेरीनचा शर्ट म्हणजे लग्नात घालायची वस्तू होती, आणि तो टेरीनचा धागा ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यात बनायचा, कळव्यातली कितीतरी माणसं तिथे पाळीला जायची. म्हणजे तुमच्या बोटीवरचं शीड आणि आमच्या काकांचा लग्नातला शर्ट एकाच कुळातले. पाण्याची बाटली पण त्यातलीच.

मी अठ्ठावीस वर्षं टेक्सटाइलमध्ये काढली, त्यातली पहिली सहा भिवंडीत मागावर कापड तपासण्यात, म्हणून कापडाबद्दल सांगतो, बोटीतलं वरच्या मित्रांना जास्त कळतं.

घरातला एक सुती रुमाल घ्या. आधी उभा ओढा. थोडा ताणेल. आडवा ओढा, तेवढाच किंवा जरा जास्त ताणेल. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून तिरका ओढा. बघा कसा लांब होतो आणि मध्ये चिंचोळा होतो. धागे ताणले नाहीत, चौकटी फक्त वाकड्या झाल्या, खिडकीचे गज तिरके व्हावेत तशा. कुठलंही विणलेलं कापड असंच वागतं आणि शिडावर वाऱ्याचा जोर नेमका तिरकाच येतो कारण शीड त्रिकोणी आणि ओढ तीन कोपऱ्यांकडे. म्हणजे शिडाच्या कापडाची खरी परीक्षा फाटण्याची नाही, तिरक्यात ताणण्याची आहे. तुमचा मित्र म्हणतो ते छत्रीचं कापड पाणी अडवेल, फाटणार पण नाही पटकन, पण तिरकं ओढलंत की रुमालासारखं जाईल. पहिल्या जोराच्या वाऱ्यातच पोट सुटेल.

मग डॅक्रॉन का ताणत नाही? तीन गोष्टी. एक, धागा. उशीतला कापूस आणि शिडाचा धागा रसायन एकच, पण शिडाचा धागा बनवताना गरम करून त्याच्या मूळ लांबीच्या कितीतरी पट ओढतात, त्यामुळे आतले रेणू एका ओळीत येतात आणि मग तो आणखी ओढला जात नाही. उशीतल्या धाग्याला एवढं ओढायची गरज नसते, त्याला कुरळा ठेवतात. दोन, वीण. उभा धागा आडव्याच्या वरून खालून जातो, म्हणजे प्रत्येक धाग्याला नागमोडी वळणं असतात, आणि कापड ओढलं की पहिली ती वळणं सरळ होतात, ते पण ताणणंच. म्हणून शिडाचं कापड अगदी ठासून विणतात, आणि मग तापवून आक्रसवतात म्हणजे आणखी घट्ट बसतं. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि कोणाला दिसत नाही ती, फिनिश. विणलेल्या कापडात मेलामाइनसारखं रेझिन (सुकून कडक होणारी राळ) मुरवतात आणि तापलेल्या जड रोलरांमधून प्रचंड दाबाखाली काढतात. ते रेझिन धाग्यांच्या चौकटी जाम करून टाकतं. नवीन शीड कागदासारखं कडकड वाजतं ते त्यामुळे.

आणि जुनं शीड चादरीसारखं मऊ लागतं ते पण त्यामुळेच. फडफडून, घड्या पडून ते रेझिन आतल्या आत तडकलेलं असतं. धागा चांगला असतो, चौकटी सुट्या झालेल्या असतात. तुमच्या शिडाचा वरचा भाग हातात चुरगाळून बघा, आवाज किती येतो. नाहीच आला तर समजून घ्या.

अजून एक, रिक्षाचा हूड शिवणारा कारागीर हाताचा कितीही पक्का असला तरी कापड कापताना तो उभा धागा उभाच ठेवणार, शर्ट-पँटला तेच बरोबर असतं. शिडात उलटं. साध्या आडव्या पट्ट्यांच्या शिडात सगळ्यात जास्त ओढ मागच्या कडेला असते, आणि पट्टे असे लावतात की आडवा धागा, बाणा, त्या कडेच्या दिशेने जाईल. म्हणून असं कापड विणतानाच बाणा जाड आणि सरळ ठेवतात, वळणं सगळी ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्याला, घ्यायला लावतात. हे माहीत नसताना शिवलं तर चांगल्या कापडाचं पण वाटोळं. शिवाय शीड सपाट नसतं, प्रत्येक पट्ट्याची एक कड हलक्या कमानीत कापतात आणि ती कमान शिवणीत घेतली की त्यातून पोट तयार होतं, म्हणजे जुनं शीड पसरून नुसती बाहेरची रेघ मारलीत तर सपाट पडदा मिळेल.

वजनाचं विचारलं नाहीत पण ऑर्डर देताना घोळ होतो म्हणून सांगतो. शिडाच्या कापडाचं वजन औंसात सांगतात आणि तो औंस चौरस यार्डाचा नसतो, ३६ इंच बाय साडेअठ्ठावीस इंच तुकड्याचा असतो. एक औंस म्हणजे साधारण ४३ जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम). चोवीस फुटी बोटीला मेन सहा औंसाच्या आसपास असतं, म्हणजे अडीचशे जीएसएमच्या वर. शर्टाचं कापड शंभर-सव्वाशे असतं, त्यावरून अंदाज घ्या.

---

मधुरा_वाशी

वरचं रेझिनचं वाचून माझ्या पोटात गोळा आला कारण माझ्या बाबतीत हेच झालंय आणि मला आत्ता कळलं का ते. माझ्या मुलाची छोटी डिंघी आहे, ऑप्टिमिस्ट, म्हणजे मुलं शिकतात ती एकट्याची होडी, तिचं शीड साडेतीन चौरस मीटरपेक्षा पण लहान. मागच्या वर्षी मे अखेरीला सीझन संपल्यावर शीड पिवळट दिसत होतं, मिठाने चिकट झालं होतं, म्हणून मी घराजवळच्या लाँड्रीत दिलं, सांगितलं होतं की हाताने धुवा, त्यांनी मोठ्या मशीनमध्ये घालून ड्रायरला लावलं. आलं तेव्हा पांढरंशुभ्र, मऊ मऊ, मी खूश. ऑक्टोबरमध्ये मुलगा पाण्यात गेला आणि परत येऊन म्हणाला आई शीड पोतेरं झालंय. मी त्याला ओरडले की कारणं सांगू नकोस. खरंच वाईट वाटतंय आता.

तर कृपा करून कोणी मशीनमध्ये घालू नका. आता आम्ही सोसायटीच्या गच्चीवर पसरतो, नळाचं गोडं पाणी पाइपने, अगदीच डाग असेल तिथे साधा सौम्य साबण आणि मऊ ब्रश, मग सावलीत वाळवायचं, आणि चुणीदार घड्या न घालता गुंडाळून ठेवायचं.

---

प्लायवूडची_होडी

ताडपत्रीला सगळे एकदम नाही म्हणताय म्हणून लिहितोय. मी घोडबंदर रोडला राहतो, घरी पार्किंगमध्ये दहा फुटी प्लायवूडची होडी बनवली आणि तिला पांढऱ्या एचडीपीई (प्लास्टिकच्या) ताडपत्रीचंच शीड लावलं, कडा दुमडून आत दोर घातला, दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप आणि वरून शिवण. दोन सीझन चाललंय आणि मला त्यात खूप मजा आली. छोट्या होडीवर, हलक्या वाऱ्यात, शिकायला, आणि वेगवेगळे आकार करून बघायला यासारखं स्वस्त काही नाही. जगभर हौशी लोक असं करतात.

पण चोवीस फुटीवर नाही, ते मान्य. माझ्या साठ-पासष्ट स्क्वेअर फुटाला जेवढी ओढ येते त्याच्या कितीतरी पट तुमच्या मेनला येईल, कोपऱ्यातली रिंगच उपटून येईल. आणि साधी ताडपत्री आपल्या उन्हात वर्षा-दोन वर्षांत पापुद्रे सोडते, ते तुकडे पाण्यात पडतात, खाडीत आधीच काय कमी प्लास्टिक आहे.

---

दिवाळे_कोळीवाडा

आमच्या आजोबांचा मचवा होता, शिडाचा. आम्ही शिडाला शीर म्हणतो. मी लहान होतो तेव्हा होड्यांना मशीन येऊन बरीच वर्षं झाली होती पण आजोबांनी जुनं शीर माळ्यावर ठेवलं होतं, जाड मांजरपाटाचं, हाताला गोणपाटासारखं लागायचं आणि वास यायचा, मासळीचा नाही, सालीचा आणि धुराचा. ऐनाच्या सालीच्या काढ्यात सुती जाळी बुडवायचे तेव्हा, कुजू नयेत म्हणून, तसंच शीर पण बुडवलं होतं, म्हणून रंग विटकरी. आजी सांगायची की शिवायला दोऱ्याला मेण लावायचे आणि तळहाताला चामडं बांधून सुई रेटायचे.

आजोबा सांगायचे की वारा पडला की शिरावर बादलीने पाणी मारायचे. मला लहानपणी वाटायचं देवाचं काहीतरी असेल. वरच्या ताणाबाणा काकांना विचारतो, त्यात काही तथ्य आहे का? आणि पहाटे मतलईवर (जमिनीकडून येणाऱ्या वाऱ्यावर) बाहेर जायचं, दुपारी समुद्राकडच्या खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचं, त्याला एकच शीर, तिरप्या परबाणाला (शिडाच्या काठीला) बांधलेलं, दामण (शिडाचा दोर) सोडायची आणि धरायची, एवढंच सगळं तंत्र. जुन्या पद्धतीने फळ्या शिवून बनवलेलं कौंडिण्य जहाज २०२५ च्या मे महिन्यात कारवारला नौदलात दाखल झालं त्याचे शिडाचे फोटो बघितले तेव्हा आजोबा फार आठवले.

नेरूळवाले दादा, एक अनुभवाचं सांगतो, पावसाळ्यात शीड बोटीवर ठेवू नका, घरी आणा, आणि घरी आणलं की जमिनीवर नको, वर टांगून किंवा कपाटावर, कारण उंदीर. आमच्या माळ्यावरचं शीर उंदरांनीच संपवलं.

---

ताणाबाणा_कळवा

@दिवाळे_कोळीवाडा, शंभर टक्के तथ्य आहे. कापूस पाणी पितो, हवेतलाच ओलावा तो वजनाच्या सात-आठ टक्के धरून ठेवतो, भिजवला की धागा फुगतो आणि विणीतली भोकं बंद होतात, म्हणजे कापडातून आरपार निसटणारा मंद वारा अडतो. शिवाय ओला सुती धागा कोरड्यापेक्षा मजबूत असतो. आजोबांना हे पुस्तकातून कळलं नव्हतं, हाताला कळलं होतं. पॉलिएस्टर मात्र अर्धा टक्का पण ओलावा धरत नाही, त्यावर पाणी मारून काही उपयोग नाही. नायलॉन चारेक टक्के धरतं, ओलं झालं की लांबतं, म्हणून नायलॉन फक्त स्पिनेकरला, वारा पाठीमागून असताना फुग्यासारखं लावतात त्या रंगीत शिडाला. तिथे ताणलं तर चालतं, उलट झटका सोसायला बरं.

सुती शिडांनी पण एकेकाळी जग हलवलंय. १८५१ मध्ये अमेरिका नावाची स्कूनर (दोन डोलकाठ्यांची शिडाची बोट) इंग्लंडला जाऊन वाइट बेटाच्या शर्यतीत तिथल्या सगळ्या यॉटना हरवून आली, जिच्या नावावरून शर्यतीच्या अमेरिकाज कपला नाव पडलं. इंग्रजांची शिडं तागासारख्या फ्लॅक्सची, पोट सुटलेली, आणि हिची घट्ट विणलेल्या सुताची, सपाट बसणारी. तेव्हापासून आजपर्यंत एकच शर्यत चाललीय, कमी ताणणारा धागा कोणाकडे. ताण न घेण्याची ताकद आकड्यात बघायची तर (आकडा मोठा तितकं ताणणं कमी) नायलॉन साधारण ५ गिगापास्कल, पॉलिएस्टर १० ते १५, केवलार ७० ते १२०, कार्बन २३० च्या आसपास. आणि आता तर धागे विणतच नाहीत, जिथे जशी ओढ येते त्या रेषेवर ठेवून फिल्मवर चिकटवतात, म्हणजे नागमोडी वळणांचा प्रश्नच मिटला. रेसचं पिवळसर पारदर्शक शीड तसंच, मायलार म्हणजे पातळ पारदर्शक प्लास्टिकच्या दोन फिल्मच्या मध्ये केवलार. पण जिथे चिकटवणं आलं तिथे सुटणं आलं, आणि आपल्याकडच्या दमट हवेत दोन थरांच्या मध्ये काळी बुरशी धरली की ती काढता येत नाही. रविवारी फिरायला जाणाऱ्या माणसाला विणलेलं डॅक्रॉनच बरं, माझं मत पक्कं आहे.

---

वायव्येचा_वारा

सहमत. आणि ठाण्यात कोणाकडून शिवून घ्यायचं असेल तर एवढं बघा. मशीन झिगझॅगचं हवं, सरळ टाक्याचं नको, कापड जरा हललं की सरळ टाका तडतड तुटत जातो, नागमोडी टाका बरोबर हलतो. धागा पॉलिएस्टरचा, उन्हासाठी बनवलेला, दुकानात मिळणारा साधा शिलाईचा रीळ नको, सुती तर अजिबात नको. जुन्याच भोकांतून परत टाके मारायचा हट्ट धरू नका, बाजूने नवीन ओळ मारा. आणि जुने टाके उसवून काढू नका, राहू द्या, पट्टे जागेवर राहतात.

बोटीवर एक छोटी पिशवी ठेवा, चिकटणाऱ्या डॅक्रॉनचा तुकडा, जाड सुई, मेण लावलेला दोरा. समुद्रात उसवलं तर आधी गोड्या पाण्याने पुसून कोरडं करून मग चिकटवा, मिठावर काही चिकटत नाही.

आणि बोट वाऱ्याकडे तोंड करून उभी असताना शीड तासन्‌तास फडफडत ठेवू नका, फोटो काढायला म्हणून पण नाही. त्या फडफडीत जेवढं शीड मरतं तेवढं चालवून मरत नाही.

---

नेरूळ_जेट्टी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी शिकवलं नव्हतं. काय केलं ते लिहितो म्हणजे पुढे कोणाला उपयोगी पडेल.

मागच्या रविवारी मेन उतरवून टॅक्सीने, मग लोकलच्या लगेज डब्यातून घरी आणलं आणि सोसायटीच्या हॉलमध्ये पसरलं. नखाची परीक्षा केली. खालच्या अर्ध्यातले टाके घट्ट, पण वरच्या तिसऱ्या भागात नख लावलं की पांढरा भुसा, एका शिवणीवर तर नख फिरवत गेलो आणि हातभर धागा आपोआप निघाला. मित्राला दाखवलं, तो पाच मिनिटं काहीच बोलला नाही, कारण हेच शीड लावून आम्ही मांडव्यापलीकडे जाऊन आलो होतो. कापड फाडून बघितलं, दोन्ही हातांनी जोर लावून पण फाटलं नाही. चुरगाळलं तर खाली अजून कागदासारखा आवाज आहे, वर मागच्या कडेजवळ चादर झालीय.

ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूला एक काका सापडले, तंबू आणि मंडपाचं काम करतात, झिगझॅग मशीन आहे. शीड त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं पण हात लावून लगेच म्हणाले की हे कापड सुईला गरम करतंय, हळू चालवावं लागेल. अडचण अशी आली की मशीनच्या गळ्यातून एवढं कापड जाईना. मग दोन्ही बाजूंनी गुंडाळत शिवणीपर्यंत आणलं, चटईच्या दोन वळकट्या असाव्यात तसं, एक वळकटी मी धरली, दुसरी मित्राने, मध्ये काकांची सुई, आणि त्यांच्या तालावर दोघं पुढे सरकत गेलो. वरच्या सहा शिवणींना चार तास लागले. धागा रेसवाल्या ओळखीच्या माणसानेच दिला, त्याचं शीड नाही घेतलं तरी त्याने पैसे पण घेतले नाहीत.

काल पाण्यात जाऊन बूमखाली झोपून फोटो काढला. पोट १५ टक्के, सगळ्यात खोल जागा ५२ वर. शीड वर ओढायचा दोर अजून चार बोटं ताणला, पुढच्या कडेच्या सगळ्या सुरकुत्या गेल्या, परत फोटो काढला, जागा ४७ वर आली. दुपारी वारा वाढला तेव्हा मेन लवकर एक टप्पा कमी केलं, म्हणजे खालून थोडं बांधून लहान केलं, आणि दांडा एका हातात धरून मी पहिल्यांदा दुसऱ्या हाताने डबा खाल्ला.

जिनोआ पुढच्या शनिवारी काकांकडे नेतोय. मधुराताई, तुमच्या मुलाच्या शिडाचं माप कळवा, काका म्हणाले छोटं असेल तर मशीनवर आरामात बसेल, फक्त कापड मिळायला हवं, आणि सहाऐवजी किती औंसाचं लागेल ते ताणाबाणा काकांनी सांगावं.

---

ताणाबाणा_कळवा

चार औंसाच्या आसपास बघा. आणि मुलाला ओरडलात त्याबद्दल त्याला आधी सॉरी म्हणा, त्याला कापड कळतंय.